पेरूची साल आणि मोसंबीचा डिंक

जुलैमध्ये अमरावतीच्या एका काकूंनी मला परसातल्या पेरूच्या खोडाचा फोटो पाठवला. ‘भाऊ, सालं निघून राहिली. झाड वाचते ना?’ मी लगेच कळवलं, पेरूची साल अशीच पापुद्र्यांनी सुटते, खाली हिरवट-तांबूस गुळगुळीत खोड दिसतं, झाड ठणठणीत आहे, काही करू नका. उत्तर बरोबर होतं.

जानेवारीच्या शेवटी त्यांचा फोन आला. पेरूशेजारची मोसंबी फुलांनी लदबदली होती, पण पानं गळत होती. घरात सगळे खूश होते, यंदा फळं भरपूर येणार म्हणून. मला मात्र ऐकूनच धस्स झालं. लिंबूवर्गीय झाड मरायला टेकलं की असंच अंगभर फुलतं.

परसात शिरलं की मी आधी सांडपाण्याचा पाइप शोधतो. इथे पाणी गाळायच्या मशिनचं वाया जाणारं पाणी मोसंबीच्या बुंध्याशी सोडलं होतं, रोज, तेही काळ्या जमिनीत. वर्षभरापूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा उरलेली माती माळ्यानं झाडांच्या बुंध्याला लावली होती. भर घातली की झाड जोमानं वाढतं, हा समज आमच्याकडे इतका पक्का आहे की त्यापायी मेलेली झाडं मोजायची सोय नाही.

काकूंनी एक पान तोडून दाखवलं. दुकानदारानं जस्त कमी पडलं म्हणून टॉनिकची बाटली दिली होती. पान हातात घेतलं असतं तरी त्याला कळलं असतं. जस्त कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. इथे मधली शीरच पिवळी होती. मुळांकडून अन्नपाणी नीट येत नसल्याची ती खूण. बाटली विकायची घाई असली की शीर कोण बघतो?

खुरप्यानं माती ओढली. कलमाचा डोळा, म्हणजे खुंट आणि वरचं झाड जुळतात ती जागा, जमिनीच्या निदान वीतभर वर हवा, तो चार बोटं मातीखाली सापडला. खालचा जंबेरी लिंबाचा खुंट, ज्यावर कलम बांधतात तो, आणि वरची मोसंबी, दोन्ही ओल्या मातीत. साल वरून अखंड दिसत होती, एक मधाच्या रंगाचा डिंकाचा थेंब सोडला तर. चाकूचं टोक लावलं आणि ती ओल्या पुठ्ठ्यासारखी निघून आली. खाली तपकिरी, आंबूस वासाचा भाग. डिंक्या, साल कुजवून डिंक ओघळवणारा रोग. तो आणणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जिवाचे बीजाणू पाण्यात पोहत सालीपर्यंत जातात, आणि इथे त्यांना वर्षभर रोज पाणी मिळत होतं. मी खोडाभोवती चाकू फिरवत गेलो. हिरवी, जिवंत साल फक्त उत्तरेकडे उरली होती, तीन बोटं रुंद.

कुजकी साल जिवंत कडेपर्यंत तासली, जखम पोटॅशियम परमँगनेटनं धुतली. वरून लावायचा बुरशीनाशक लेप, बोर्डो पेस्ट, मी तयार आणत नाही, जागेवरच करतो. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र. घासलेलं लोखंडी पातं बुडवून बघायचं. तांबूस झालं तर चुना कमी पडला. त्या दिवशी पातं पहिल्याच वेळी स्वच्छ निघालं. बुंधा मोकळा केला, पाइप वळवला आणि खोडापासून दूर नवं आळं केलं. सगळी फुलं झाडून टाकायला सांगितलं तेव्हा काकूंचा चेहरा उतरला. स्वतः फांदी धरून त्यांनी ती एकेक खुडली.

मग त्यांनी विचारलं, ‘पावसाळ्यात समजलं असतं तर वाचली असती का?’ मी म्हणालो, ‘बहुतेक हो.’

घरी आल्यावर जुलैचा तो फोटो काढून मोठा केला. पेरूच्या मागे, उजव्या कडेला, मोसंबीचा बुंधा होता. मातीच्या जरा वर डिंकाचा ओघळ, पावसानं धुऊन चमकणारा. पेरूचं उत्तर मला पाठ होतं, म्हणून मी फोटोत पुढे पाहिलंच नाही. शेजारी काय लावलंय, एवढंही विचारलं नाही.

आता फोटो आला की तीन गोष्टी आणखी मागतो: बुंधा जमिनीसकट, पाणी कुठून येतं ते, आणि आजूबाजूची झाडं. लोक कंटाळतात, तरी मागतो. काकू दर रविवारी त्या तीन बोटं सालीचा फोटो पाठवतात. कालच्या फोटोत ती हिरवी होती. रुंदी मात्र तेवढीच.