दोन्ही वाहनं, हे काय सांगायचं?

न्यूरॉलॉजीच्या रेसिडेंट डॉक्टरने पाठवलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘वर्षभर विसरभोळेपणा. अमूर्त विचार बाधित. मोका करावी.’ मोका म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती तपासायची एक छोटी चाचणी. अमूर्त विचार बाधित आहे हे त्याने कसं ठरवलं ते न विचारताही मला कळतं. बाहेर रांग लागलेली असते, उभ्याउभ्या एक म्हण विचारायची, उत्तर वाकडं आलं की शेरा तयार. त्याला दोष तरी किती द्यायचा? त्यालाही कोणीतरी असंच शिकवलेलं असतं.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात स्मृतीच्या चाचण्या घेते. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चाचणीपेक्षा जास्त वेळ जातो तो नीट ऐकू येतंय का, चष्मा आणलाय का, सकाळपासून काही खाल्लंय का हे बघण्यात आणि सोबतच्या मुलाला बाहेर बसवण्यात. मुलगा आत असला की आईच्या आधी तोच उत्तर देतो.

ती चिठ्ठी घेऊन आलेल्या आजी पासष्टीच्या पुढच्या. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी. मोकात एकूण ३० गुण असतात आणि त्यातले २ अमूर्ततेचे. दोन वस्तूंची नावं घ्यायची आणि त्यांच्यात सारखं काय ते विचारायचं. सरावाला संत्रं आणि केळं असतं.

“संत्रं सोलाय वेळ लागतो. केळं काय, दात नसलं तरी खाता येतं.”

नियमाप्रमाणे मी पुन्हा विचारलं आणि मग, तेही नियमाप्रमाणेच, ‘दोन्ही फळं आहेत’ असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

आता खरा प्रश्न. आगगाडी आणि सायकल?

“आगगाडी रुळावरनंच जाती. सायकल कुठनंबी.” थोडं थांबून, “सायकल आगगाडीत घालून न्येता येती.”

शून्य. घड्याळ आणि मोजपट्टी? “पट्टी पोरांची. घड्याळ भितीवर.” शून्य. बाहेरच्या लोकांना माहीत नसतं, पण ‘दोन्हीला चाकं असतात’ म्हटलं तरी गुण मिळत नाही आणि ‘दोन्हीवर आकडे असतात’ यालाही नाही. प्रवासाची साधनं, मोजायची साधनं असंच काहीतरी यायला हवं. बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. दुसरीत शाळा सोडलेल्या बाईला एक आणि बारावी झालेल्या माणसालाही एकच! ही दयाबुद्धी कोणाला सुचली कोण जाणे. कमी शिकलेल्यांसाठी मोकाची वेगळी आवृत्ती आहे, पण चिठ्ठीवर नेहमीचीच लिहिलेली असते आणि आकडाही त्याच चाचणीचा मागतात.

सायकल आगगाडीत घालणाऱ्या आजींमुळे मला लुरिया आठवला. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला होता. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं काय, असं त्याने निरक्षर शेतकऱ्यांना विचारलं. ओंडका बाहेर काढायला ते तयार होईनात. ओंडकाच नसला तर करवत कशाला हवी? पुढे लायबेरियात मानसशास्त्रज्ञ जोसेफ ग्लिक क्पेले जमातीच्या शेतकऱ्यांना वस्तूंचे गट करायला सांगत होता. ते सुरी संत्र्याजवळ ठेवत, कारण सुरीने संत्रं कापतात. शहाणा माणूस असंच करतो, असंही सांगत. शेवटी वैतागून त्याने विचारलं, मूर्ख माणूस कसं करेल? त्यांनी झटकन अवजारं एकीकडे, खाण्याचे पदार्थ एकीकडे असे बिनचूक गट करून दाखवले.

आजींना मी मूर्ख माणसाचं विचारू शकत नव्हते. चाचणी पुरी केली, गुण मांडले आणि मग वही मिटून विचारलं, “नातू कितवीला आहे?”

“पाचवीला.”

“त्याला परीक्षेत हाच प्रश्न आला, आगगाडी आणि सायकल, तर तो काय लिहील?”

“लिव्हील की, दोन्ही वाहनं.”

“मग तुम्ही का नाही सांगितलंत?”

“अवो बाई, ते काय सांगायचं? तुमाला ठावं न्हाई व्हय?”

उत्तर आधीच ठाऊक असलेला माणूस तोच प्रश्न दुसऱ्याला विचारतो, हा प्रकार शाळेबाहेर फारसा कुठे चालत नाही. दहा-पंधरा वर्षं बाकावर काढली की आपल्याला त्याचं काही वाटेनासं होतं. आजींनी मला खरोखर काहीतरी विचारणारी बाई समजून कामाचं उत्तर दिलं होतं.

मग घरच्या कामांकडे वळलो. दोन संकरित जातींच्या गाई, एक एचएफ आणि एक जर्शी. डेअरीला दूध आजीच घालतात. एचएफ दूध भरपूर देते, पण पातळ. जर्शीचं कमी, पण घट्ट. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) धरून ठरतो, त्याखाली गेलं की कापतात. म्हणून दोन्ही धारा एका किटलीत, पण बेतानं. जर्शीचं किती ओतलं की सगळं साडेतीनच्या वर जातं, हे हिशेबानं. घरच्या चहाला ठेवायचं ते उरलेल्या पातळातलं. संध्याकाळी फॅट जरा जास्त लागते, म्हणून तेव्हा जर्शीचं थोडं कमी ओतलं तरी भागतं.

मी विचारलं, “समजा, जर्शी आटली तर?”

“मग एकल्या एचएफचं साडेतीनला टेकत न्हाई. शेजारणीची जर्शी हाय. तिचं दूध माज्या किटलीत घ्यायचं आन पैसं वाटून घ्यायचं. पर तिची फॅट जास्ती, म्हंजी लिटरवर वाटलं तर तिला तोटा. फॅटवर वाटाय पायजे.”

फॅट म्हणजे काय, तर मशीनच्या पावतीवरचा एक आकडा. तो आकडा दुधातून मनातल्या मनात वेगळा काढायचा, न घडलेल्या दिवसात नेऊन दोन बायकांत न्यायाने वाटायचा, आणि त्या बाईच्या चिठ्ठीवर ‘अमूर्त विचार बाधित’!

हे सगळं मी इतकं लावून धरते त्याला कारण आहेत त्याच सुमारास आलेले एक निवृत्त अधिकारी. मोकात ३० पैकी २७, अमूर्ततेत २ पैकी २. रेसिडेंटने चिठ्ठीवर ‘अडला हरी’चा अर्थ अचूक सांगितल्याचं कौतुकाने लिहिलं होतं. सांगणारच, तो दहावीच्या गाईडातला अर्थ होता, शब्दही तेच. आपल्याकडे म्हणींवरून अमूर्त विचार तपासणं म्हणजे पाठांतर तपासणं. मी म्हटलं, ‘म्हशीची शिंगं म्हशीला जड नसतात’ म्हणजे काय? “म्हैस ताकदवान जनावर आहे, तिला काय वजन.” समजा आत्ता बाहेर पाऊस पडतोय, तुम्ही घरी कसे जाल? “पाऊस कुठाय? मे महिना आहे.” बरं, नुसतं माझ्यामागून म्हणा, ‘आज पाऊस पडतोय.’ “खोटं कशाला म्हणू?” आणि चिडले. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेले जर्मन सैनिक मेंदूरोगतज्ज्ञ कुर्ट गोल्डश्टाइनने तपासले होते. त्यांच्यातल्या काहींना समोरच्या परिस्थितीशी न जुळणारं वाक्य नुसतं उच्चारताही येत नसे. या साहेबांच्या एमआरआयमध्ये कपाळामागचा भाग आकसलेला निघाला. घरचे आधीपासून सांगत होते की माणूस बदललाय, पण २७ गुणांपुढे त्यांचं कोण ऐकणार?

आजींच्या अहवालात अमूर्ततेच्या चौकटीत मी ०च लिहिला, कारण वही मिटल्यावरचं उत्तर धरता येत नाही. खाली दुधाबद्दल चार ओळी लिहिल्या. वरिष्ठांनी वाचून म्हटलं, “ललित नको, आकडा सांगा.” नातवाचं उत्तर सांगता येणं म्हणजे स्वतः तसा विचार करता येणं नव्हे, हा त्यांचा दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. नातवाचा अभ्यास रोज कानावर पडत असेल तर तेही पाठांतरच, साहेबांच्या म्हणीसारखं. माझा भर म्हणून वाहनांवर नाही, शेजारणीच्या वाटणीवर आहे. ती कोणत्याच गाईडात नाही. तरीही, वर्षानुवर्षं केलेल्या कामाबाहेर त्यांना असं जमतं का, हे मी तपासलेलं नाही, आणि त्यासाठी हाताशी कोणती चाचणी आहे तेही नीट सुचत नाही.

विसरणं मात्र खरं होतं. पाचांपैकी एकही शब्द आपणहून आठवला नाही, खूण दिल्यावर तीन आले. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइडच्या तपासणीला रक्त पाठवलं, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. बाहेर मुलाने विचारलं, “डेअरीचं आता मी बघू का?” मी म्हटलं, त्यांच्याकडेच राहू द्या, फक्त हिशेब चुकला तर कुठे चुकला ते तारखेसकट लिहून ठेवा.

“बिल दर दहा दिवसाला येतं,” तो म्हणाला.

“मग दर बिलाला बघा. आणि येताना ती वही घेऊन या.”