डबा भरेना

दुपारी चारच्या सुमाराला चिवड्याचं मोठं पाकीट कात्रीने कापलं आणि डब्यात उपडं केलं. कोपऱ्यात अडकलेले शेंगदाणे टिचक्या मारून खाली पाडले, तळाचं तिखटमीठही झटकून घेतलं. तरी डबा गळ्यापर्यंत आला नाही. हा डबा माझ्या लग्नातला. झाकणावर मामाचं नाव आणि तारीख कोरलेली आहे, त्यामुळे त्याच्या वयाबद्दल वाद नाही. पूर्वी याच चिवड्याचं पाकीट ओतलं की झाकण तळहाताने दाबून बसवावं लागायचं आणि चार पोहे ओट्यावर सांडायचे. ते उचलून तोंडात टाकणं ही त्या कामाची मजुरी. आज सांडायला काही उरलंच नाही.

चष्मा कपाळावर चढवून पाकीट नाकाशी धरलं. वजन होतं तिथे, चोख छापलेलं.

"फसवलं मेल्यांनी," मी म्हटलं.

"कुणी?" नवऱ्याने पेपराआडून विचारलं. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "वजन लिहिलंय ना? मग फसवणूक कशी? तू वाचलं नाहीस." आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस. छापलेल्या आकड्यावर त्याची श्रद्धा आहे.

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून त्याला चिवडा लहान वाटीत दिला. तो काही बोलला नाही. वाटीवर वजन छापलेलं नसतं.

माझी आजी असती तर तिने त्याला बरोबर गप्प केलं असतं. कराडजवळच्या आमच्या गावात तेव्हा दुकानातून किलो-ग्रॅम रुळले होते, पण आजीच्या माजघरात पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं अशी उतरत्या क्रमाने मांडलेली असायची. धान्य मोजायचं ते त्यांनीच. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन. शेजारणीला उसनी ज्वारी देताना मापट्यावर अशी शीग चढायची की दाणे कडेने घरंगळत तिच्या पदरात पडायचे. परतफेडीला शीग आली की नाही, हेही आजी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून ठेवायची. मात्र तिची एक चुलत जाऊ होती. तिच्याशी कधीकाळी बांधावरून काहीतरी झालेलं. ती आली की आजीचा हात मापट्याच्या कडेवरून सपकन फिरायचा आणि शीग परत पोत्यात. वर "घे गं बाई, मापटंभर" हेही म्हणून व्हायचं. मापटं तेच, दाणे कमी, आणि तक्रार करायला जागा नाही.

म्हणजे हे सगळं आजच सुरू झालेलं नाही. पूर्वीची माणसं सचोटीची आणि आताची लबाड, असलं काही मी म्हणणार नाही. फरक असला तर एवढाच, की जावेला तो हात दिसायचा. आपल्याला शीग मिळालेली नाही हे तिला समोर उभं राहून कळायचं, आणि ते कळावं हाच आजीचा हेतू असायचा.

पाकिटात हा हात दिसत नाही. कुठल्याशा कारखान्यातल्या यंत्रात कुणीतरी आकडा बदलतं आणि महिन्याभराने माझ्या डब्यात खड्डा पडतो. पाकिटाची लांबी-रुंदी तीच, रंग तोच, हसणारं कुटुंब तेच. आंघोळीच्या साबणाच्या पोटाला मध्येच खोलगट बाक आला, तो हाताला बरा बसावा म्हणून, असं मी बरीच वर्षं समजत होते.

बिस्किटांचं तर माझ्या जिवाला फारच लागतं. मे महिन्यात आते-मामे भावंडं जमली की दुपारी आत्या ग्लुको बिस्किटांचे पुडे फोडायची. ते मेणकागदात यायचे. आम्ही गोल करून बसायचो आणि ती पत्ते वाटावेत तशी एकेक बिस्कीट वाटत जायची. फेरी पुरी झाली नाही तर उरलेली आजोबांना, आणि कागदातला चुरा सगळ्यात धाकट्याला. त्या चुऱ्यावरून मारामाऱ्या झाल्या आहेत. माझा एक मामेभाऊ मुद्दाम पुडा आधी मुठीत आवळून आणायचा, म्हणजे चुरा जास्त निघेल. तो आज चार्टर्ड अकाउंटंट आहे.

सांगायचं काय, तर आमच्या घरात कुणी कधी बिस्कीट ग्रॅमवर वाटलेलं नाही. बिस्कीट नगावर, चिवडा मुठीवर, शेव वाटीवर. हे कंपन्यांनाही पक्कं ठाऊक असणार. म्हणून कुठे नग कमी होतात, तर कुठे नग तेवढेच राहून प्रत्येक बिस्किटाची पाठ थोडी घासली जाते. हल्ली चहात बुडवलं की ते पूर्वीपेक्षा लवकर तुटतं असा माझा दाट संशय आहे. नवरा म्हणतो, तुझा हात हळू झालाय.

कोपऱ्यावरच्या शेठना विचारलं. त्यांच्या दुकानात दारावरच पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात, त्या डोक्याने बाजूला सारूनच आत जावं लागतं. म्हणाले, "ताई, कंपनीने ग्रॅमेज उतरवलंय. दर वाढला की गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. ग्रॅमेज उतरलं की कुणाशीच भांडत नाही." या विषयावर मी इतकं मुद्देसूद विधान आजवर ऐकलेलं नाही. स्टेशनबाहेरचा आमचा वडापाववाला भाव वाढवतो तेव्हा बिचारा पाटी लावतो. तेल महागलं, बेसन महागलं, सहकार्य करावे. आपण आठवडाभर कुरकुरतो आणि मग सहकार्य करतो.

आता कंपनीची बाजूही खोटी नाही. २०२२ साली युक्रेनच्या युद्धाने गहू आणि सूर्यफुलाचं तेल महागलं, त्यातच इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली. फरसाण तळायचं कशात? त्याच वर्षी पाच रुपयांच्या पार्ले-जीचं वजन ६४ ग्रॅमवरून ५५ वर आल्याचं पेपरात आलं होतं, दहा रुपयांचा विम बार १५५ वरून १३५ वर. मग पाचाचे साडेपाच का केले नाहीत? कारण साडेपाच द्यायचे कशात? पन्नास पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण कुठल्याही दुकानात ते पुढे करून बघा, शेठ तुमच्याकडे दयेने बघतील. सुटे नाहीत म्हणून हातावर टॉफी ठेवण्याची पद्धत आहेच, आणि तिचा आकार हा वेगळ्या लेखाचा विषय होईल. पाचाची पुढची पायरी एकदम दहाची. एवढी उडी मारण्यापेक्षा पुड्याला आतून कुरतडणं सोपं.

सरकारचं म्हणणं, गिऱ्हाइकाने वाचावं. पूर्वी बिस्किटं, पाव, चहा, साबण अशा काही वस्तू ठरावीक वजनांत विकण्याचा नियम होता, त्याची एक यादीच होती. वजनमापांच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, तिने ती यादी काढून टाकली आणि त्याऐवजी पाकिटावर एकक किंमत छापायला सांगितलं. किलोच्या आतला माल असेल तर ग्रॅमची किंमत. म्हणजे आता ४२ ग्रॅम, ४७ ग्रॅम, कसलाही आकडा चालतो. भागाकार तेवढा करून मिळतो. मी शेवेचं एक दहा रुपयांचं पाकीट उचलून पाहिलं. ४० ग्रॅम. ग्रॅमला ०.२५ रुपये. म्हणजे चार आणे! ३० जून २०११ ला व्यवहारातून बाद झालेलं ते नाणं असं शेवेच्या पाकिटावर भेटेल असं वाटलं नव्हतं. जुनी मैत्रीण गर्दीत दिसावी तसं झालं. ज्या पैशांची नाणी खिशात नाहीत त्या पैशांत भाव वाचून मी नक्की काय करायचं, हे मात्र कळलं नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, फार उपयुक्त माहिती आहे. तेव्हापासून तो माझ्याबरोबर वाणसामानाला येतो आणि प्रत्येक पाकीट उलटं करून मोठ्याने वाचतो. त्यापेक्षा फसलेली बरी.

वेफर्सच्या पाकिटातल्या हवेबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ती साधी हवा नसतेच, नायट्रोजन असतो. तेल खवट होऊ नये आणि वेफर्सचा भुगा होऊ नये म्हणून भरलेला. शिवाय महाबळेश्वरला निघालं की पसरणीच्या घाटात ते पाकीट टम्म फुगायला लागतं. माझी मुलगी लहानपणी ते मांडीवर घेऊन बसायची आणि फुटेल म्हणून डोळे मिटायची. तेवढ्यात घाट संपायचा. पाकिटातल्या मालापेक्षा त्या हवेनेच आमची करमणूक जास्त केली.

फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून असा नियम आहे की वस्तू कमी होऊन तिची एककी किंमत वाढली, तर मोठ्या दुकानांनी दोन महिने तिच्याजवळ तशी पाटी लावायची. मी शेठना हे सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "पाट्या लावू ताई, पण मग माळा कुठे लावू?"

उलट बाजूची पाटी मात्र आपल्याकडे लगेच लागते. वीस टक्के जास्त! पिवळ्या चांदणीत, लाल अक्षरांत. कशापेक्षा जास्त, हे त्या चांदणीत मावत नाही. गेल्या साली, २२ सप्टेंबर २०२५ ला, बिस्किटांवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, फरसाणावरचा बारावरून पाचवर. तेव्हा काही दिवस पाचाच्या पुड्याची किंमत चार रुपये पंचेचाळीस पैसे अशी काहीतरी झाली होती आणि शेठ डोक्याला हात लावून बसले होते. मग कंपन्या म्हणाल्या, किंमत पुन्हा गोल करतो, वजन वाढवून देतो. म्हणजे ग्रॅम वाढवणंही यांना जमतं. मी वाट बघते आहे. डबा घासून ठेवला आहे.

मुलगी म्हणते, एवढं आहे तर चिवडा घरी कर. करीनही. पातळ पोहे उन्हात टाकायचे, खोबऱ्याचे काप, डाळं, कढीपत्ता चांगला कुरकुरीत होईपर्यंत. पण घरचा चिवडा म्हणजे परातभर, आणि परातभर म्हणजे खालच्या मजल्यावर एक डबा, बहिणीकडे एक डबा, कामाच्या मावशींना पिशवीत. उरतो तो वाटीभर. तिथेही डबा भरत नाहीच, फक्त कुणी विचारत नाही.

तर हे असं. चिवडा चार मुठी कमी मिळाला म्हणून माझं काही अडलेलं नाही. डॉक्टरांच्या मते तर बरंच झालं. माझ्यासाठी तो चारच्या चहाबरोबरचा चाळा आहे.

पण आमच्याकडच्या नाक्यावर सकाळी मजूर उभे असतात. बिगारी, गवंडी, बायका डोक्यावरच्या चुंबळीसकट. काम मिळेपर्यंत टपरीवरचा कटिंग चहा आणि पाचाचा बिस्किटपुडा. तो त्यांचा खाऊ नाही, न्याहारी आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, माणसं मैलोन्‌मैल चालत गावी निघाली होती तेव्हा, पार्ले-जी इतका खपला की आठ दशकांत तसे महिने कंपनीने पाहिले नव्हते. स्वस्त, टिकणारं, कुठेही मिळणारं आणि पाण्याबरोबरही पोटात जाणारं दुसरं काय होतं? त्या पुड्यातून नऊ-दहा ग्रॅम जातात तेव्हा ते माझ्या डब्यातून जात नाहीत. एखाददुसरं बिस्कीट त्या बाईच्या न्याहारीतून जातं. तिला ग्रॅमची किंमत वाचून दाखवून काय होणार? दुसऱ्या पुड्याला आणखी पाच रुपये लागतात. आणि तिचं घमेलं काही लहान झालेलं नाही. स्लॅबचं काम असलं की मुकादम दुपारपर्यंत बसूही देत नाही.