सासऱ्याला मामा का म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. भाषाविज्ञान शिकवतो म्हटलं, की लग्नकार्यात पंगतीला कुणीतरी विचारतंच, "सर, शब्दाच्या अर्थाची फोड करता म्हणजे नेमकं काय करता?"

हाळीच्या बैलबाजारात करतात तेच. तिथं नुसतं 'जनावर' म्हणून भागत नाही. गोऱ्हा म्हणजे नर, अजून न बडवलेला म्हणजे खच्ची न केलेला, खांद्यावर जू न घेतलेला. बडवून कामाला लावला की बैल. कालवड मादी, पण न व्यालेली. व्याली की गाय. वासरू म्हटलं तर नर-मादी हा प्रश्नच नाही. चार खुणांत सगळी दावण मांडून होते. या खुणांनाच आम्ही अर्थघटक म्हणतो.

ही पद्धत गाजली ती नात्यांच्या शब्दांवर. १९५६ साली गुडइनफ आणि लाउन्सबरी या दोन अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी, पहिल्यानं पॅसिफिक महासागरातल्या ट्रुक बेटांवरची आणि दुसऱ्यानं अमेरिकेतल्या पॉनी या मूळनिवासी लोकांची नाती अशी फोडून दाखवली. मला वाटलं, आपल्याकडं तर सोपंच. चुलता: एक पिढी वर, पुरुष, बापाकडचा. मामा: बाकी तेच, फक्त आईकडचा. वर्षानुवर्षं फळ्यावर हेच लिहीत आलो.

एकदा देगलूरकडच्या पोरीनं मागच्या बाकावरून विचारलं, "सर, मग आम्ही सासऱ्याला मामा का म्हणतो?"

माझी बायकोसुद्धा माझ्या वडिलांना मामा म्हणते, आईला आत्या. लग्नाआधी काडीचं नातं नव्हतं. रोज कानावर पडायचं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

खूणच चुकीची धरली होती मी. आईकडचा की बापाकडचा, हे नव्हे. भावकी की सोयरे, हे बघायचं. मामाच्या, आत्याच्या घरी सोयरीक जुळते. चुलत्याची नि मावशीची लेकरं मात्र भाऊ-बहीणच. म्हणून मावशी आईकडची असूनही चुलत्याच्या रांगेत बसते. प्रत्यक्षात मामाची पोरगी कुणी करो न करो, रीत शब्दात मुरलेली आहे. तेलुगूतही मामा, आत्याचा नवरा आणि सासरा हे तिघं 'मामा'च, आणि देगलूरहून तेलंगणाची हद्द काही लांब नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं 'आईकडचा' त्या पोरीलाच पुसायला लावलं. मावशीच्या नवऱ्याला आपण काका का म्हणतो, ते मग मला सांगावंच लागलं नाही.