साठीनंतरची अ‍ॅलर्जी: ताटाबरोबर गोळ्यांचा डबाही तपासा

‘जन्मभर खात आलोय, आता कसली अ‍ॅलर्जी?’ हा युक्तिवाद टिकत नाही. कोळंबी, शेंगदाणे, गहू यांची अ‍ॅलर्जी सत्तरीतही नव्याने सुरू होऊ शकते. ती ओळखायला मात्र उशीर होतो, कारण चक्कर आली की हृदयाकडे बोट जातं, धाप लागली की दम्याकडे.

जेवणानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्त उठलं, उलटी झाली, घसा आवळला, तर त्या दिवशीचं खाणं, वेळ आणि घेतलेली प्रत्येक गोळी लिहून ठेवा. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं, मद्य किंवा जेवणानंतरचं भरभर चालणं यांची जोड मिळाली की एरवी पचणारा पदार्थही त्रास देतो. म्हणूनच ‘परवा खाल्लं तेव्हा काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे.

ओठ किंवा जीभ सुजली, पण खाज नाही, पित्तही नाही? मग रक्तदाबाची गोळी पाहा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी येणारी सूज औषध सुरू केल्यावर कित्येक वर्षांनीही येऊ शकते, आणि अ‍ॅलर्जीच्या गोळीला दाद देत नाही. अशा वेळी महिनोन्‌महिने पथ्य पाळणं फुकट, आणि जिभेची सूज श्वास अडवू शकते, म्हणून थेट रुग्णालय गाठायचं.

त्वचेवरची चाचणी उतारवयात फिकी येऊ शकते. त्याआधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारून. रक्तातला आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढलेला दिसला एवढ्यावर पदार्थ सोडू नका. दूध, अंडी, मासे एकदम बंद केले की आधीच घटणारे स्नायू आणखी घटतात.

श्वास अडला किंवा माणूस गळून पडला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन, पेनसारख्या तयार सुईत (पेनमध्ये) बहुधा ०.३ मिलिग्रॅम. आडवं झोपवून पाय वर. धाप असेल तर बसवा, उभं करू नका. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस, आणि रुग्णवाहिका पहिल्या डोसबरोबरच बोलवा. हृदयविकार आहे म्हणून हात आखडू नका. मेटोप्रोलॉलसारखं बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) चालू असेल तर अ‍ॅड्रेनॅलिन कमी लागू पडतं. रुग्णालयात हे आधी सांगा, तिथे अशा वेळी ग्लुकागॉन हे दुसरं औषध देता येतं. संधिवाताच्या बोटांनी पेनची टोपी निघते का, हे सरावाच्या पेनवर आधीच पाहून घ्या.