बाई, या वयात जादूची पुस्तकं?

देवघेवीच्या टेबलावर ‘सॉर्सरी ऑफ थॉर्न्स’ उपडं ठेवलेलं दिसलं (हो, उपडं, वर्गणीदारांना याच्यासाठी मीच ओरडते) की कुणीतरी विचारतंच, “बाई, हे तर पोरींचं पुस्तक. तुम्ही काय वाचताय?” पेपर वाचायला येणाऱ्या एका काकांनी तर आठवड्याचा नेम धरलाय. वाचनालयाच्या वेळेत बोलायला सवड होत नाही, म्हणून इथे सांगते.

पुस्तक माझ्या भाचीचं. सुट्टीत आली होती, जाताना विसरली. मार्गारेट रॉजरसन या अमेरिकन लेखिकेची ही २०१९ची कादंबरी. ऑस्टरमीअर नावाच्या राज्यात सहा मोठी ग्रंथालयं आहेत आणि तिथले मंत्रतंत्राचे ग्रंथ जिवंत आहेत. कुजबुजतात, रुसतात, एकाला तर अंगभर डोळे. एलिझाबेथ ही अनाथ मुलगी अशाच एका ग्रंथालयात लहानाची मोठी झालेली. ग्रंथांना एक ते दहा असे वर्ग, जेवढा वरचा तेवढा घातकी. सुरुवातीलाच आठव्या वर्गाचा एक ग्रंथ लोखंडी पेटीत घालून रात्री घोडागाडीतून आणतात. मला हसू आलं. आमच्याकडे वर्ग वाचनालयांना असतात, १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड. आणि तपासणी जवळ आली की गुरगुरायला पुस्तकं लागत नाहीत.

पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. या कादंबरीत ग्रंथाला इजा झाली की तो चामड्याचा आणि शाईचा राक्षस होऊन उठतो. हे वाचलं आणि मला आमचे दिवाळी अंक आठवले. मागच्या वर्षी एक अंक परत आला, वरून अगदी नवा कोरा. मी सवयीनं शिवणीवरून बोट फिरवलं तर आत अर्ध्या बोटाची पट्टी लागली. ८४ नंतर थेट ८७. ब्लेडनं इतकं सरळ कापलं होतं की हिशेबाच्या वहीची पट्टी लावली असणार. पाककृतीचं पान होतं. आमचा अंक बिचारा गप्प बसला. रॉजरसनबाईंच्या राज्यात असता तर त्या घरात त्या रात्री अनारसे झाले नसते!

साखळ्यांनी बांधलेली पुस्तकं मात्र तिनं हवेतून आणलेली नाहीत. इंग्लंडमध्ये हेरेफर्डच्या कॅथीड्रलमध्ये अशी खरीच आहेत, तिथली फडताळं १६११ सालची. साखळी पुढच्या पुठ्ठ्याच्या कडेला अडकवलेली, त्यामुळे पुस्तकांचा कणा आत आणि पानांची कड बाहेर. खाली काढून तिथल्याच फळीवर उघडलं की साखळीला पीळ पडत नाही. बांधायचं ते चोरीच्या भीतीनं. मला विचाराल तर दिवाळी अंकांना अजूनही चालेल.

कादंबरीत उणं नाही असं नाही. खलनायक कोण ते फार लवकर कळतं, आणि मधला नाच-मेजवानीचा भाग मी दोन कपाटं पुसत पुसत संपवला. मांत्रिक नथॅनिएल देखणा आणि तिरकस, म्हणजे असायला हवा तसाच. खरा जीव लागला तो त्याच्या सायलसवर. हा त्याचा नोकर, पण जातीचा राक्षस. चहा आणून देतो, कपड्यांना इस्त्री लागते त्याची काळजी वाहतो, मनात आलं की पांढरं मांजर होतो, आणि चाकरीचा मोबदला म्हणून मालकाच्या आयुष्यातली वर्षं घेतो. तो खोलीत आला की मी वाचायचा वेग कमी करायचे.

काकांनी शेवटी परवा मागितलंच. पण भाचीनं प्रत वाचनालयाला देऊन टाकली, मी दाखल नोंदवहीत चढवली, आणि ती सध्या नववीतल्या एका मुलीकडे आहे. मुदत उलटून आठ दिवस झाले. दंड अजून लावलेला नाही.