घरचं पीठ, बेकरीची भट्टी

"त्या दोन तासांत माझ्याकडे कुणी काही मागत नसे." विकतच्या नानकटाईचा तुकडा चहाच्या बशीत ठेवत आत्या आज म्हणाली, आणि तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

पूर्वी मे महिन्यात मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची पिशवीत घालून बायका नानकटाई भाजून आणायला बेकरीत जायच्या. तूप-साखर हलकी होईपर्यंत हाताने फेसायची, दंड भरून येत. सकाळचे पाव निघाले की भट्टी जरा उतरायची आणि मग नानकटाईचे पत्रे आत जायचे. आपला पत्रा दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून भट्टीसमोरून हलायचं नाही. तेवढंच दोन तास बसायला कारण!

जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिन्यांची मुदत दिली. हवेसाठी ते योग्यच. नानकटाई गॅसवरही खुसखुशीत होते.

पण घरी ओव्हन आला, तेव्हा आत्याच्या पिढीची हक्काने घराबाहेर बसायची दुपार गेली. त्याबद्दल कुणी हळहळलेलं मी ऐकलं नाही. सगळे चवीबद्दलच बोलतात.

तुमच्या आई-आजीची अशी जागा कुठली होती? विचारलंय कधी?