कॅमेऱ्याला ऊन दाखवणं

दुपारी सहज कपाट उघडलं, तर कॅमेऱ्याच्या डब्याच्या तळाशी मणी गुलाबी झालेले. परवापर्यंत निळे होते. निळे म्हणजे, जांभळट तरी होते. सिलिका जेलचे मणी गुलाबी झाले की आणखी ओल ओढायची त्यांची ताकद संपली असं समजायचं. मग ते पत्र्याच्या ताटलीत पसरायचे, अन्नासाठी बाद झालेल्या जुन्या ओव्हनमध्ये शंभर-सव्वाशे अंशांवर ठेवायचे आणि काचेतून बघत बसायचं. कडेचे आधी निळे होतात, मधले रेंगाळतात. मध्येच एखादा फट्‌कन तडकतो. हा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा, पोटात जाण्यासारखा नव्हे, म्हणून ताटली वेगळी आणि ओव्हनही वेगळा. नारंगीचे हिरवे होणारे मणीही मिळतात, त्यांत कोबाल्ट नसतं. शहाण्या माणसाने तेच घ्यावेत. पण निळं होताना बघण्यात जी मजा आहे ती त्यांच्यात नाही, म्हणून मी अजून शहाणा झालेलो नाही.

"एवढ्या वेळात चार फोटो काढून झाले असते," असा आवाज आतून येतोच. खरं आहे. पण फोटो काढणं हा एक छंद आणि कॅमेरा सांभाळणं हा दुसरा, आणि दोन्ही एकाच माणसाला असले पाहिजेत असं कुठे आहे? मला कुणी फोटो काढायला सांगितलं तर मी पटकन मोबाइल काढतो. कॅमेरा डब्यात असतो. डब्यात तो फार छान दिसतो, त्याचे मी मोबाइलवर फोटोही काढलेत.

हे माझ्यात कुठून आलं ते मला नीट माहीत आहे. बाबांचा कॅमेरा लोखंडी कपाटातल्या लॉकरमध्ये असायचा, घडीच्या कपड्यांखाली, चामड्याच्या केसमध्ये. केसला पितळी टिचबटण. ते उघडल्याचा 'टच्‌' आवाज आला की आम्ही भावंडं असू तिथून पळत यायचो. बाबा आधी हात धुऊन, पुसून, वर वाळेपर्यंत थांबत. मग रबरी फुग्याने भिंगावर फुस्स-फुस्स हवा मारत. तोंडाने फुंकर घातलेली चालत नसे, थुंकी उडते. आम्हाला बघायला मिळायचं, पण "हात मागे!" अशी आज्ञा असे. आम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचो आणि बाबा स्वतः कॅमेरा आमच्या डोळ्याशी धरायचे. त्या चौकटीत समोरच्याचं डोकं नेहमी कापलेलं दिसे. मी तक्रार करायचो, बाबा कॅमेरा जरा वर करायचे, मग पाय कापले जायचे. एवढं झालं की परत टच्‌, परत कपड्यांखाली, आणि सोबतीला दोन डांबरगोळ्या.

आता ह्यातली एकेक गोष्ट पुस्तकाप्रमाणे चूक. चामडं ओल धरून ठेवतं. बंद कपाटात हवा खेळत नाही. डांबरगोळ्या आणि कापूर यांच्या जवळ कॅमेरा ठेवू नका, असं निकॉनच्या पुस्तिकांत छापलेलं असे. पण बाबांच्या मते जपायचं म्हणजे हात लावायचा नाही, आणि त्या अर्थाने तो कॅमेरा फारच जपला गेला. पुढे कधीतरी मी त्याची लेन्स टॉर्चसमोर धरली. कडेला एक केस चिकटलाय असं वाटलं. पुसला, गेला नाही. तो आतल्या भिंगावर होता, त्याला फांद्या होत्या आणि फांद्यांना आणखी फांद्या. मागचं झाकण उघडलं तर प्रकाश अडवणारा फोम विरघळून डांबर झालेला. बोटाला लागला तो दोन दिवस निघाला नाही.

बुरशीला तरी काय हवं असतं? अंधार, ओल आणि कुणी हलवू नये. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर रेंगाळली की तिचा जम बसतो. मग ती आम्लं सोडते आणि ती भिंगावरच्या लेपाला खातात. त्या लेपाची जाडी ढोबळमानाने प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पावपट. झाइस या जर्मन भिंग-कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलांनी १९३५ मध्ये शोधून काढलेली करामत ती, भिंगावरून प्रकाश वाया जाऊ नये म्हणून. इतक्या नाजूक गोष्टीवर बुरशीने जेवण उरकावं याचा मला राग येतो. बुरशी पुसून काढता येते, पण खाल्लेला लेप परत येत नाही.

म्हणून आर्द्रता चाळीस ते पन्नास. फार कोरडंही नको, तिशीच्या खाली गेलं की आतलं ग्रीस सुकतं आणि रबराला भेगा पडतात. माझ्या डब्यात दोन हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारे काटे, आहेत. दोन का, तर एकावर विश्वास नव्हता. आता एक ४४ म्हणतो, दुसरा ५१, आणि मला दोघांवरही विश्वास नाही. याला उपाय आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओलसर होईल एवढंच पाणी घालायचं आणि हायग्रोमीटरसह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. काटा जितका चुकला तितकं मनात धरायचं. उपाय मला तोंडपाठ आहे. केलेला नाही, कारण मग दोघांतला एक काढून टाकावा लागेल. शिवाय आकडा बघायला डबा उघडावा लागतो, आणि उघडला की बाहेरची दमट हवा आत जाऊन तो बिघडतो. पारदर्शक झाकणाचा डबा घ्यावा हे कळतं. पण मग उघडायला निमित्त काय?

उन्हाचं मात्र जपून. ऊन दाखवलं की बुरशी दबते, हे गाद्या-गोधड्यांइतकंच लेन्सलाही लागू आहे. पण लेन्स सूर्याकडे तोंड करून विसरली तर तीच कागद पेटवते. लेन्समागे आरसा नसलेल्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या कापडी शटरना अशीच भोकं पडलेली आहेत. उलट काही जुन्या लेन्सना ऊन औषधासारखं लागतं: त्यांच्या काचेत थोरियम असतं, हो, किरणोत्सारी, आणि त्यामुळे काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. अतिनील प्रकाशात बरेच दिवस ठेवली की पिवळेपणा उतरतो.

सगळ्यात उत्तम जागा अर्थात चंद्र. अपोलोच्या मोहिमांत अंतराळवीरांनी फिल्म तेवढी परत आणली आणि वजन नको म्हणून हॅसलब्लाडचे बहुतेक कॅमेरे तिथेच सोडून दिले. १९६९ पासून ते तिथे आहेत. हवा नाही, ओल नाही, बुरशी नाही. दिवसरात्रीच्या तापमानाचं तेवढं बघायला हवं.

बॅटरी काढून ठेवावी, निम्मी चार्ज करून, ही एक गोष्ट. आणि पुस्तिकेतली दुसरी: महिन्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढा, चालू करा, शटर काही वेळा दाबा. ही आज्ञा मी इमानाने पाळतो. कॅमेरा काढतो, समोर जे असेल त्यावर शटर मारतो आणि ठेवून देतो. त्यामुळे माझ्या संगणकावर छताचे फोटो खूप आहेत. पंखा, भिंतीचा कोपरा, कपाटाचं दार, पुन्हा पंखा. हे काढून का टाकत नाही, असं विचारतात लोक.

त्यातल्या एका फोटोत बाबा आहेत. तेव्हा ते माझ्याकडे राहत होते, खुर्चीत पेपर वाचत बसायचे. मी शटर मारलं ते कपाटावर, ते आपले कडेला आले. मान कापली गेलीय. पेपर, दोन हात आणि चष्म्याची दोरी एवढंच दिसतं. त्यानंतर त्यांचा दुसरा फोटो त्या कॅमेऱ्याने निघाला नाही. फोकस पडलाय कपाटाच्या मुठीवर, आणि ती मात्र इतकी लख्ख आलीय की तिच्यावरचा गंज मोजता यावा. ती फाइल कुणी पुसायची नाही, एवढं घरात सांगून ठेवलंय.